कपाटातली जास्वंद

एकोणीसशे एकोणनव्वद साल. मी छप्पन्न वर्षांचा होतो, आणि आमच्या शाळेतल्या सामंतबाईंनी सलग तिसऱ्या वर्षी एका जिवंत झाडाला कपाटात कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं.

पुढे आमच्या सिल्वासाजवळ वासोण्याला सिंह आणून ठेवले. तिथे सिंह मोकळे फिरतात आणि माणसं जाळीच्या गाडीत बसतात. सिंहाला मोकळीक आणि जास्वंदीला तुरुंग, हा न्याय फक्त आमच्याच गावात.

मी शाळेचा माळी. नाव उखर्डू, सगळे उखाभाऊ म्हणतात. शिक्षण चौथी, तेही अर्धी. मास्तरांनी कानाखाली मारली म्हणून मी शाळा सोडली आणि बापाने सांगूनही परत गेलो नाही. जळगावकडून इथे आलो तेव्हा कारखान्यांना माणसं हवी होती. अकरा वर्षं रंगाच्या खात्यात काढली. तिथे खिडकी नव्हती. सकाळी आत गेलो की ऊन आहे की ढग आहेत हे बाहेर पडल्यावर कळायचं. छाती खराब झाली तेव्हा शाळेत माळी म्हणून लागलो. तेव्हापासून मी ठरवलं, आता मला कोणी शिकवायचं नाही.

आणि नेमकं तिथे सामंतबाई भेटल्या.

बाई मालवणकडच्या. सरकारी नोकरीने त्यांना इथे आणून टाकलं होतं. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्न नाही, डोकमर्डीला दोन खोल्या, आणि हातात काळी छत्री. पावसात छत्री सगळेच घेतात. बाई जानेवारीतही घ्यायच्या. उन्हात एक बोटही उघडं पडू द्यायच्या नाहीत. आणि शिकवायच्या काय? तर झाडं उन्हावर कशी जगतात ते!

त्यांना दोन खोडी होत्या. पहिली, कोणी काही बोललं की म्हणायच्या, "सिद्ध करा." दूधवाला म्हणाला दूध ताजं आहे, "सिद्ध करा." हेडसर म्हणाले मला बरं नाही, "सिद्ध करा." हेडसरांनी बिचाऱ्यांनी खरोखर जीभ काढून दाखवली. दुसरी खोड, सगळ्यांना गुण द्यायच्या. शिपायाच्या चहाला पाचपैकी साडेतीन. गणपतीच्या आरतीला दहापैकी सहा, "चाल बरी, शब्द गाळले." माझ्या बायकोने एकदा वांग्याचं भरीत पाठवलं, तर डब्यात चिठ्ठी परत आली, "दहापैकी आठ." मी तसाच उठून गेलो.

"बाई, दोन गुण कुठे गेले?"

"एकात देठ राहिलाय आणि एकात मीठ."

"आमच्याकडे भरतात देठ राहतोच."

"मग तुमच्याकडे दहापैकी आठच मिळतात."

भाजीबाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. एकदा गेलो आणि पस्तावलो. वांगी विकणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "हे काय आहे? मूळ, खोड, पान की फळ?" ती म्हणाली, शाक. भाजी. "भाजी हा झाडाचा अवयव नाही," बाई म्हणाल्या, आणि तिला फुलापासून फळ कसं होतं ते सांगायला लागल्या. मागे चार गिऱ्हाईकं उभी. शेवटी ती हात जोडून म्हणाली, "बेन, रींगणां लेवां छे के परीक्षा लेवी छे?" बाईंनी पाव किलो वांगी घेतली आणि जाताना तिला सांगितलं, "दहापैकी चार. प्रयत्न चांगला."

पण त्यांचं आणि माझं खरं भांडण बटाट्यावरून. बाई म्हणायच्या बटाटा हे खोड आहे. मी म्हणायचो मूळ. मी जन्मभर माती उकरलेली. जमिनीवर असतं ते खोड, जमिनीखाली असतं ते मूळ, हे गाढवालाही कळतं. एक दिवस त्यांनी कोंब फुटलेला बटाटा माझ्या खोपीच्या खिडकीत आणून ठेवला.

"हे काय आहे, उखाभाऊ?"

"डोळे."

"मुळाला डोळे असतात?"

"माझ्या आज्यालाही डोळे होते, बाई. त्याला काही दिसायचं नाही. म्हणून काय तो माझा आजा नव्हता?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "हट्टाला दहापैकी दहा," म्हणाल्या. आजपर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाला दहापैकी दहा दिल्याचं मी ऐकलं नाही.

आता त्या कपाटाचं सांगतो. दहावीच्या पोरांना एक प्रयोग असायचा. झाडाचं पान म्हणजे चूल, असं बाई सांगायच्या. हवा आणि पाणी ही शिधा-सामग्री, ऊन हा जाळ, आणि हिरवा रंग हा स्वयंपाकी. चूल पेटली की पानात पीठ तयार होतं. ऊन नसेल तर चूल थंड. हे सिद्ध करायचं, म्हणून पानाचा थोडा भाग काळ्या कागदाने झाकायचा, कुंडी उन्हात ठेवायची, मग पान तोडून पाण्यात उकळायचं, स्पिरिटमध्ये उकळून पांढरं करायचं, आणि त्यावर आयोडीन टाकायचं. जिथे पीठ तिथे निळं-काळं. जिथे झाकलेलं तिथे पिवळट. नाव होतं प्रकाशसंश्लेषण. मला हे सगळं आधीच माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

(त्या स्पिरिटवरून आठवलं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तिकडचे लोक प्यायला इकडे येत. शाळेतलं स्पिरिट मात्र कधी चोरीला गेलं नाही. ज्या गावात दुकानात मिळते तिथे प्रयोगशाळेतली कोण पिणार?)

तर मेख अशी की झाडाच्या पानात आदल्या दिवसाचं पीठ शिल्लक असतं. ते संपवायला झाड आधी दोन दिवस, अठ्ठेचाळीस तास, अंधारात ठेवावं लागतं. "झाडाला दोन दिवस एकादशी," बाई म्हणायच्या. म्हणून कपाट. त्यातल्या फळ्या काढून त्यांनी जास्वंदीची कुंडी आत ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली खिळ्याला लावून गेल्या.

पहिल्या वर्षी मी सकाळी सातला झाडांना पाणी घालायला आलो. सगळ्यांना घातलं. एक कुंडी कमी. आठवलं, ती आत आहे. मी कपाटासमोर उभा राहिलो. कान लावला. झाड काही बोलत नाही, पण मला त्या रंगाच्या खात्याची आठवण आली. मी किल्ली काढली, कुंडी मागच्या पायरीवर उन्हात नेली, पाणी घातलं, आणि शेजारी बिडी ओढत बसलो. दहा वाजता परत आत. बाई अकराला यायच्या. कोणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वर्गात प्रयोग झाला. झाकलेलं, न झाकलेलं, सगळंच पान निळं-काळं! पोरं फिदीफिदी हसली. एकाने तर पानच जाळलं, तेव्हा बाई मालवणीत ओरडल्या, "रे मेल्यानो, पान जाळूक नाय, उकडूक सांगलंय!" मग शांतपणे फळ्यावर लिहिलं, "निष्कर्ष : प्रयोग फसला. कारण : अंधार पुरेसा नव्हता." आणि पोरांनाही तेच लिहायला लावलं. "फसला तर फसला असं लिहायचं. पुस्तकातलं उत्तर चिकटवणाऱ्याला शून्य."

पुढच्या वर्षी त्यांनी कपाटाच्या फटींना काळा कागद चिकटवला. वरून जुनं गोणपाट टांगलं. मी खिळ्यावरून किल्ली काढायचो. पान पुन्हा निळं-काळं. बाई कपाटाला बाहेरून हात लावून बघत राहिल्या, ताप आलेल्या पोराला बघावं तसं. मला जरा वाईट वाटलं. पण मी कोणासमोर माझं चुकलं म्हटलेलं नाही, कपाटासमोर काय म्हणणार?

तिसऱ्या वर्षी माझी कमल दहावीला आली.

आमच्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या मामाने मात्र गावाकडचं एक स्थळ आणलं होतं, बैलजोडी, विहीर, सगळं. घरात रोज वाद. मी वैतागून एक दिवस बोलून गेलो, "विज्ञानात साठच्या वर आणलेस तर नर्स. नाहीतर मामाचं स्थळ. माझा शब्द." शब्द तोंडातून सुटला आणि मामाने तो पकडला. बायको अहिराणीत म्हणाली, "तुम्हनं डोकं फिरनं का?" फिरलं होतंच. पण मी शब्द मागे घेत नाही, हे सगळ्या अथालला माहीत आहे. तिथेच आमची चाळ.

परीक्षेच्या आठवड्यात, बुधवारी, कमल जेवता जेवता रडकुंडीला आली.

"बाबा, प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक येणार. सगळ्यांना पानाचाच प्रयोग आहे."

"मग कर ना. सोपा आहे. पाण्यात उकळ, स्पिरिटमध्ये उकळ..."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला सगळं माहीत असतं."

"पण आमच्या शाळेत तो येतच नाही बाबा! दोन वर्षं फसलाय. त्या कपाटालाच काहीतरी झालंय. ह्यावेळी फसला तर वीस गुण गेले. मग साठ कुठून आणू?"

घास माझ्या घशात अडकला. बायकोने पाणी दिलं. कमल म्हणाली, "सावकाश." मी काय सांगणार, की पोरी, कपाटाला काही झालं नाही, कपाटाला तुझा बाप झालाय?

गुरुवारी सकाळी बाईंनी लवकर येऊन कुंडी आत ठेवली. शनिवारी परीक्षा. शुक्रवारी सकाळी सातला मी सगळ्या झाडांना पाणी घातलं आणि कपाटासमोर आलो. किल्ली खिळ्याला. हात आपोआप वर गेला. खाली आणला. पुन्हा गेला. शेवटी मी किल्ली काढून हेडसरांच्या टेबलाच्या खणात टाकून आलो, म्हणजे आठवण यायला नको. मग कपाटासमोर मांडी घालून बसलो आणि झाडाला सांगितलं, "एवढ्या वेळी सहन कर. पोरीचा प्रश्न आहे. उद्या तुला शेणखत घालतो." झाड गप्प. माझ्यासारखंच हट्टी. त्या दिवशी मी बिडीसुद्धा ओढली नाही. ते उपाशी आणि मी धूर काढत बसायचं, बरं दिसत नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकात रिक्षा थांबली. बाई उतरल्या. उतरल्या म्हणजे, आधी त्यांच्यापेक्षा मोठं एक काळं गाठोडं उतरलं. जुन्या काळ्या परकरात काहीतरी गुंडाळलेलं, त्यावर ती छत्री उघडी धरलेली. रिक्षावाला मला म्हणाला, "चाचा, इसमें क्या है? पूरे रास्ते इससे बात कर रही थीं."

बाईंनी गाठोडं प्रयोगशाळेत नेलं आणि परकर काढला. आत जास्वंद! दुसरी कुंडी.

"हे कुठलं झाड?" मी विचारलं.

"माझं. घरचं. गुरुवारपासून अंधारात आहे. आज ह्याची पानं वापरायची."

"आणि आपलं कपाटातलं?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते काही उपाशी नसणार."

"उपाशी आहे," मी म्हटलं.

"सिद्ध करा."

आता आली का पंचाईत! सिद्ध करायचं तर कबूल करावं लागणार. मी हेडसरांच्या खणातून किल्ली आणली, कपाट उघडलं. जास्वंद मान टाकून उभी होती. बाईंनी दोन्ही झाडांचं एकेक पान तोडलं. पाण्यात, स्पिरिटमध्ये, मग आयोडीन. आम्ही दोघं त्या बशीवर वाकून बघत होतो. दोन्ही पानं पिवळट. निळ्याचा ठिपकासुद्धा नाही.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "उखाभाऊ, ह्यावेळी काढलं नाहीत?"

माझे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी. कुंडीवर खडूची खूण केली होती. ती दाराकडे ठेवली, दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला. खाली फरशी ओली. दुसऱ्या वर्षी खात्री करायला लवकर आले, तर मागच्या पायरीवर तुम्ही बिडी ओढत बसलेले आणि कुंडीला सांगत होता, खाऊन घे पटकन, ती बाई येईल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायलाच आले होते. तुमच्याकडे बघितलं आणि परत फिरले. चहा पिऊन अकराला आले."

"आणि वर्गात हसं करून घेतलंत?"

"पोरांना फसलेला प्रयोग खरा लिहिता आला. ते काय कमी आहे?"

"आणि ह्यावेळी तरी सांगायचं होतं मला."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं? बटाट्याचं अजून ऐकलं नाहीत."

हे मात्र खरं. मी विचारलं, मग कपाटातलं झाड कशाला ठेवलंत? तुमचं घरचं होतंच की.

"तुम्हाला काढायला काहीतरी हवं ना," बाई म्हणाल्या आणि काळा कागद कापायला लागल्या. कापता कापता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, पुढे म्हणाल्या, "शाळेत कोंडलं की तुम्ही काढणार. माझ्या घरी ठेवलं की काळजी नाही. तिथे उघडायला कोण येतंय?"

आणि हसल्या. मीही हसलो. हसून झाल्यावर मला कळलं की ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग कामाची घाई झाली. सव्वीस पोरं, दोन्ही झाडांची मिळून सव्वीस पानं. पोरांनी येऊन पानांना काळ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि कुंड्या मागच्या त्याच पायरीवर उन्हात नेल्या. ह्यावेळी माझ्या हातून, आणि सगळ्यांच्या देखत. दुपारी परीक्षक आले. जाड गृहस्थ, सारखे घाम पुसत होते. मी खिडकीबाहेर झारी घेऊन उभा. त्या खिडकीखालच्या झेंडूला मी त्या दिवशी इतकं पाणी घातलं की तो पुढे कुजला. कमलने पान धुतलं, बशीत पसरलं, आयोडीनचे थेंब टाकले. पान काळं पडत गेलं, काळं, काळं, आणि मधोमध पिवळी पट्टी तशीच राहिली. परीक्षकांनी पान उचलून उजेडाकडे धरलं आणि मान डोलावली. कमलने खिडकीकडे पाहिलं. मी लगेच झेंडूकडे पाहिलं.

नंतर बाईंनी तिची वही चाळली. "माझ्याकडून विसापैकी साडेएकोणीस. बाणाचं टोक बोथट आहे." कमल पुढे नर्स झाली हे आता सगळ्यांना माहीत आहे. मामाने त्या स्थळाला आपली पुतणी दिली.

संध्याकाळी पोरं गेली. बाईंनी छत्री उघडली, वह्यांचा गठ्ठा काखेत घेतला आणि म्हणाल्या, "चला, आता सोमवारी."

मी सायकलवरून अथालला निघालो. वाटेत पुलावर थांबलो आणि बाई त्या दोन खोल्यांत किती तास बंद असतात ते बोटांवर मोजलं. एरवी शनिवारी शाळा बाराला सुटते. सोमवारी अकराला भरते. बारा ते बारा एक दिवस, रविवार बारा ते सोमवार अकरा. चौथी अर्धी सोडलेल्या माणसालाही एवढं येतं. सत्तेचाळीस. बाईंच्या प्रयोगाला अठ्ठेचाळीस तास लागत होते. दर आठवड्याला एकच तास कमी पडायचा.

घरी बायकोला म्हटलं, उद्या बटाट्याची भाजी कर, जरा जास्त. तिने कारण विचारलं नाही. माझा चेहरा बघून तिने बटाटे मोजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आठला मी शाळेतून बाईंची कुंडी काढली, सायकलला बांधली आणि डोकमर्डीला गेलो. तीन वर्षांत त्यांच्या दारात पहिल्यांदा. दार बंद, खिडक्या बंद, आत रेडिओ हळू चालू. कुंडी पायरीवर उन्हात ठेवली आणि कडी वाजवली. रेडिओ थांबला. दार उघडलं नाही. मी पुन्हा वाजवली.

"कोण आहे?"

"उखा."

दार फूटभर उघडलं. "काय झालं? कमलला बरं नाही का?"

"कमल ठणठणीत आहे. झाड आणलंय."

"सोमवारी दिलं असतं तरी चाललं असतं की."

"नसतं चाललं. चला घरी. कमलची आई बटाट्याची भाजी करतेय."

"कसली भाजी? मुळाची की खोडाची?"

"ते मी जेवताना सांगेन."

बाई दारात उभ्या राहिल्या. एकदा माझ्याकडे, एकदा कुंडीकडे बघितलं. मग आत जाऊन चप्पल घालून आल्या, आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडे हात केला.

मी मधे आडवा झालो. "छत्री राहू द्या, बाई."

त्यांनी हात मागे घेतला. पायरी उतरल्या. मी दार ओढलं आणि कडी बाहेरून लावली.